जुन्या क्लासिक गाडीत एसी बसवायचाय? आधी गाडी तयार करा, मग एसी आणा

ज्या गाडीत कंपनीनं कधी एसी दिलाच नव्हता अशा जुन्या गाडीत एसी बसवायचं मनात आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, किट कुठलं घेऊ? मीसुद्धा तिथूनच सुरुवात केली. किट आणलं, चार-पाच सुट्ट्यांमध्ये बसवलं, गॅस भरून घेतला, डॅशखालून मस्त गार हवा आली, आणि पहिल्याच दुपारी ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. एसी बंद केला की काटा खाली, चालू केला की परत वर. मग अर्धं काम उचकटून रेडिएटर, पंखा, वीज बनवणारा डायनमो सगळं नंतर करावं लागलं, म्हणजे जे आधी करायचं ते शेवटी केलं आणि गॅस दोनदा भरावा लागला. तुमचं तसं होऊ नये म्हणून जो क्रम मला नंतर कळला तो इथे नीट लिहून देतोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. एसी आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, आणि कुठे टाकतो तर बरोबर तुमच्या रेडिएटरच्या तोंडासमोर. म्हणजे इंजिनला आता आधीच तापलेली हवा मिळणार, वर कॉम्प्रेसर फिरवायचं ओझं, आणि वायरिंगवर दोन-तीन मोठ्या मोटरींचा भार. जुनी गाडी यातल्या कशासाठीच बनलेली नसते.

१. आधी सिस्टिम समजून घ्या, दहा मिनिटं लागतील

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस खूप गरम होतो. तो कंडेन्सरमध्ये जातो, तिथे पुढच्या हवेनं गार होऊन त्याचं पातळ द्रव होतं. मग ड्रायर, त्यात ओल शोषणारे दाणे असतात. तिथून एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, बारीक भोकातून द्रव एकदम कमी दाबात सुटतं आणि इव्हॅपोरेटरमध्ये, ज्याला गॅरेजमध्ये सगळे कूलिंग कॉइल म्हणतात, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना केबिनमधली उष्णता ओढून घेते. ती वाफ परत कॉम्प्रेसरकडे. झालं एक चक्कर.

कॉम्प्रेसरच्या पुलीवर मॅग्नेटिक क्लच असतो, तो लागला की कॉम्प्रेसर फिरतो, सुटला की नुसती पुली फिरते. ही सोय आपल्याला साधी वाटते पण १९४० च्या मॉडेलसाठी पॅकार्डनं जेव्हा गाडीत एसी द्यायला सुरुवात केली तेव्हा क्लचच नव्हता, एसी नको असेल तर इंजिन बंद करून बेल्ट काढून ठेवावा लागायचा आणि कूलिंग कॉइल मागे डिक्कीच्या बाजूला असायची. इंजिनखोलीत पुढच्या पुढे सगळं मावेल अशी आटोपशीर सिस्टिम नॅशनं १९५४ मध्ये आणली. आजची आफ्टरमार्केट किटं साधारण त्याच मांडणीवर आहेत.

२. इंजिनचं कूलिंग: इथे घाई करू नका

किटची ऑर्डर द्यायच्या आधी भर दुपारी, सगळ्यात गरम दिवसात, गाडी घेऊन अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरा आणि मग वीस मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवून उभी करा. एसी नसतानाच काटा मधल्या जागेच्या वर सरकत असेल तर एसी लावल्यावर गाडी तापणार, यात शंका ठेवू नका.

आता काय बघायचं. रेडिएटर आतून चुन्यानं भरलेला असेल तर बाहेरून कितीही चकाचक दिसू दे, तो निम्मंच काम करतो. इंजिन गरम असताना, पण पंखा पूर्ण बंद असताना, पृष्ठभागावरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा, मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तो उघडून साफ करून घ्या किंवा जास्त ओळींचा नवीन कोअर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी, बसवून घ्या, बाहेरची टाकी तीच ठेवता येते त्यामुळे दिसायला गाडी मूळचीच राहते.

दुसरं, पंख्याभोवतीचं झाकण, म्हणजे श्राउड. खूप जुन्या गाड्यांना ते नसतंच. श्राउड नसेल तर पंखा रेडिएटरच्या फक्त मधल्या गोल भागातून हवा ओढतो, कोपरे वाया जातात. मला विचाराल तर एकट्या श्राउडनं जो फरक पडतो तो महागड्या पंख्यानंही पडत नाही. पंख्याची पाती श्राउडमध्ये साधारण अर्धी आत अर्धी बाहेर असावीत.

सापळा इथे एक आहे. कोणीतरी सांगेल की जास्त प्रेशरचं रेडिएटर कॅप लाव, पाणी उशिरा उकळेल. गोष्ट खरी आहे, दर १ पीएसआय (दाबाचं एकक) मागे उकळण्याचं तापमान साधारण दीड अंशानं वर जातं. पण जुना रेडिएटर आणि हीटरचा कोअर ज्या दाबासाठी झाळलेले असतात त्याच्या वर गेलात तर जोड सुटतात, आणि हीटरचा कोअर फुटला तर उकळतं पाणी थेट पायांवर येतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच कॅप लावा.

इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही मिळतो. काढू नका, नवीन लावा.

३. वीज पुरेल का ते मोजा

साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत डायनमो असतो, तो पूर्ण वेगात २० ते २५ अँपिअर देतो आणि सिग्नलला उभं राहिलं की जवळजवळ काहीच देत नाही. आता हिशोब करा. ब्लोअर फुल स्पीडला १० ते १५ अँपिअर, कंडेन्सरचा इलेक्ट्रिक पंखा आकाराप्रमाणे १० ते २०, कॉम्प्रेसरचा क्लच ३ ते ४, रात्री हेडलाइट अजून १० च्या आसपास. पाऊस असेल तर वायपर. म्हणजे डायनमोवर हे चालणार नाही, बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाईल आणि एक दिवस रस्त्यात गाडी चालू होणार नाही.

डायनमोच्या जागी अल्टरनेटर लावाच, ६० अँपिअर किंवा त्याच्या वरचा. बाहेरून डायनमोसारखा दिसणारा अल्टरनेटरही मिळतो, ज्यांना बॉनेट उघडल्यावर मूळ रूप हवंय त्यांच्यासाठी चांगला पर्याय आहे. अल्टरनेटर बदलला की त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची जाड वायरसुद्धा बदला, ती जुनी वायर २५ अँपिअरसाठी आहे, ६० ला ती तापेल.

तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली, आहे का बघा, खूप ब्रिटिश गाड्या साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तशा होत्या. किट निगेटिव्ह अर्थसाठी असतं. आधी गाडी निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची, नाहीतर पंखे उलटे फिरतील आणि क्लचला डायोड जोडलेला असेल तर तिथे शॉर्ट होईल. ६ व्होल्टची गाडी असेल तर १२ व्होल्ट करणं हे वेगळंच काम आहे, ते पूर्ण संपवून, महिनाभर गाडी चालवून मग एसीकडे या.

४. किट निवडताना

तीन प्रकारे हे काम होतं. एक, डॅशच्या खाली लटकणारं युनिट, बसवायला सोपं, काढलं तर चार भोकं राहतात, आणि जुन्या गाड्यांना शोभतंही. दोन, डॅशच्या आत लपणारं युनिट, त्यात हीटर पण एकत्र असतो, दिसत नाही पण त्यासाठी मूळ हीटरचा डबा काढावा लागतो. तीन, डिक्कीत कॉइल आणि मागून हवा, त्यात पाइप गाडीच्या पोटाखालून न्यावे लागतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं याच्या नादी लागू नये असं मला वाटतं.

तुमच्याच मॉडेलसाठी बनलेलं किट मिळत असेल तर थोडं जास्त लागलं तरी तेच घ्या. युनिव्हर्सल किटमध्ये ब्रॅकेट तुम्हाला बनवावा लागतो आणि सगळा वेळ तिथेच जातो.

कॉम्प्रेसर छोटा रोटरी टाइपचा घ्या, पाच किंवा सात पिस्टनचा, सॅन्डेन पद्धतीचा. जुने दोन सिलिंडरवाले उभे कॉम्प्रेसर जड असतात, इंजिन हादरवतात. कंडेन्सर पॅरलल फ्लो प्रकारचा, म्हणजे गॅस एकाच वेळी बऱ्याच नळ्यांतून जातो तसा, आणि रेडिएटरसमोर मावेल तेवढा मोठा. इथे हात आखडू नका, किटमध्ये भरायच्या आर-१३४ए गॅसला जुन्या आर-१२ पेक्षा कंडेन्सर जास्त चांगला लागतो.

गॅसबद्दल थोडं. सेकंड हँड जुनं किट कोणी देत असेल तर ते आर-१२ वर चालणारं असू शकतं. मॉन्ट्रियल करारामुळे आर-१२ चं उत्पादन विकसित देशांत १९९५ च्या शेवटी आणि विकसनशील देशांत २०१० पर्यंत थांबलं. अशा किटचे पाइप, ओ-रिंग, ड्रायर सगळं बदलावं लागतं आणि त्यातलं मिनरल ऑइल पूर्ण धुवून काढावं लागतं, कारण ते आर-१३४ए बरोबर मिसळून फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. शेवटी त्या किटचं काहीच उरत नाही.

५. काय काय जवळ लागेल

कागद: गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंग डायग्राम, किटची सूचनापुस्तिका, त्यात गॅसचं वजन आणि तेलाचा प्रकार कुठे लिहिलाय ते पान वेगळं काढून ठेवा. गाडीचा विमा मूळ स्थितीवर ठरवलेला असेल तर विमा कंपनीला बदल लेखी कळवा. आणि फोटो, उघडायच्या आधी प्रत्येक कोपऱ्याचे, वायरींचे, व्हॅक्यूम पाइपांचे.

हत्यारं: स्पॅनरचे दोन सेट, कारण प्रत्येक जोड दोन पान्यांनी आवळायचाय. टॉर्क रेंच, ड्रिल आणि होल सॉ, मल्टिमीटर, क्रिंपिंगचं पक्कड, सरळ लोखंडी पट्टी, रबरी ग्रोमेट, कायम राहणारा मार्कर, गॉगल आणि हातमोजे. व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड गेज, नायट्रोजनचा सिलिंडर आणि वजनकाटा हे विकत घेऊ नका, ते काम एसीवाल्याचं आहे.

मूळ पार्ट जे निघतील ते पिशव्यांमध्ये नावं लिहून ठेवा, एकही टाकू नका. पुढे कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर त्याच पिशव्या लागतील.

६. उष्णता आत येण्याच्या वाटा बंद करा

डॅश आणि कार्पेट निघालेच आहेत तर हे आत्ताच करा. जुन्या गाडीत फायरवॉल म्हणजे नुसता पत्रा, पलीकडे इंजिन आणि एक्झॉस्ट. फ्लोअरच्या खाली सायलेन्सरचा पाइप. छतात काहीच नाही.

आधी गंज साफ करून रंग मारा, मग ब्यूटाइलची चिकट शीट रोलरनं दाबून बसवा, तिचा उपयोग मुख्यतः आवाज आणि थरथर कमी करायला होतो. त्याच्यावर बंद पेशींचा फोम, उष्णता अडवतो तो हा. खूप जण फक्त पहिला थर लावतात आणि फरक पडला नाही म्हणतात. फायरवॉलवर, पायाखाली, बोगद्यावर म्हणजे गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर आणि शक्य असेल तर छताला.

मग भोकं. क्लच-ब्रेकच्या पेडलभोवती, स्टिअरिंग कॉलमभोवती, जुन्या केबलींची रिकामी राहिलेली भोकं. रात्री आत बसा, बाहेरून कोणाला तरी टॉर्च मारायला सांगा, उजेड दिसेल तिथून गरम हवा येते. दरवाज्यांचे रबर, आणि काचेच्या खाली जी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते तिचं रबर बहुतेक वेळा कुजलेलं असतं, ते बदला.

७. इव्हॅपोरेटर युनिट बसवणं

पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. युनिटएवढा खोका बनवून डॅशखाली धरा, ग्लोव्ह बॉक्स उघडतो का, वायपरची मोटर अडते का, शेजारी बसणाऱ्याचे गुडघे लागतात का बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि मी ते केलं म्हणून माझा डॅश वाचला, नाहीतर ब्लोअरचा फुगवटा रेडिओच्या जागेत येत होता.

पाणी बाहेर जायची नळी नीट उतारावर पाहिजे. कॉइलवर हवेतल्या ओलीचं पाणी जमतं, दमट दिवशी तासाभरात लिटरच्या वर निघू शकतं. नळी मुरडली किंवा तिचं तोंड वर राहिलं तर ते सगळं नवीन कार्पेटमध्ये. बसवल्यावर युनिटमध्ये पेलाभर पाणी ओतून बघा, सगळं खाली गाडीबाहेर पडलं पाहिजे.

हीटर एकत्र असलेल्या युनिटमध्ये एक चूक खूपदा होते. हीटरचं गरम पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि ८०-९० अंशांचं पाणी कूलिंग कॉइलच्या अगदी शेजारून वाहत राहतं. मग लोक गॅस कमी आहे म्हणून परत भरून घेतात. चाचणी सोपी आहे, एसी चालू असताना व्हॉल्व्हच्या पुढच्या नळीला हात लावा, गरम लागली तर दोष तिथे आहे.

एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब वेगळा असेल तर तो कॉइलमधून बाहेर जाणाऱ्या पाइपला घट्ट बांधून त्यावर इन्शुलेशन टेप गुंडाळा. हा उघडा राहिला तर व्हॉल्व्ह आजूबाजूच्या गरम हवेचं तापमान मोजतो आणि कॉइलमध्ये नको तेवढं द्रव सोडतो.

८. कॉम्प्रेसर आणि ब्रॅकेट

ब्रॅकेट इंजिनलाच लावायचा, बॉडीला किंवा चासीला अजिबात नाही, कारण इंजिन रबरावर हलतं आणि बेल्ट क्षणात निघतो. ब्रॅकेट जाड असू द्या, निदान दोन ठिकाणी इंजिनला धरलेला, मागून आधार दिलेला. पातळ ब्रॅकेट आधी गुणगुणतो, मग तडकतो.

बेल्टची रेषा. सरळ पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत धरा, फरक दीड मिलिमीटरच्या आत पाहिजे. जास्त असेल तर वॉशर घालून सरकवा. बेल्टनं पुलीला पुरेसा विळखा घातला पाहिजे, नुसता चाटून जात असेल तर आयडलर पुली लावा.

कॉम्प्रेसर आडवा करता येतो पण तेलाचं झाकण खाली येता कामा नये. नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेल भरलेलंच असतं, लेबलवर किती आणि कोणतं ते लिहिलेलं असतं, उगाच वरून ओतू नका. तोंडावरची प्लॅस्टिकची बुचं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, त्यातलं पीएजी तेल (आर-१३४ए बरोबर वापरायचं) हवेतली ओल फार पटकन पितं.

९. कंडेन्सर आणि ड्रायर

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, दोघांमध्ये एक ते दोन सेंटिमीटर जागा, आणि दोघांच्या कडा फोमच्या पट्टीनं बंद, नाहीतर हवा कंडेन्सरला वळसा घालून बाजूनं जाते. वरच्या तोंडातून गरम गॅस आत, खालच्या तोंडातून द्रव बाहेर. उलटं जोडलं तर द्रव खाली साठून राहतं. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पिना घालून कंडेन्सर किंवा पंखा बांधायची पद्धत आहे ती वापरू नका, काही महिन्यांत पिन नळी घासून भोक पाडते.

इंजिनचा पंखा चांगला आणि श्राउडसकट असेल तर पुढे एक इलेक्ट्रिक पंखा पुरतो. तो हवा आत ढकलणारा हवा. जोडल्यावर पातळ कागद धरून बघा, रेडिएटरकडे ओढला गेला पाहिजे.

ड्रायर उभा लावा, त्याच्यावर आत जायची बाजू लिहिलेली असते ती कंडेन्सरकडे, एक्झॉस्टपासून लांब. आणि सगळे पाइप जोडून झाल्यावर, व्हॅक्यूमच्या दिवशीच त्याची बुचं काढा. तासन् तास उघडा राहिलेला ड्रायर ओल पिऊन बसलेला असतो, तो नवीनच आणावा लागतो.

१०. पाइप

तीन जाड्या असतात. सगळ्यात जाड कॉइलपासून कॉम्प्रेसरकडे, मधला कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे, बारीक बाकीच्या द्रवासाठी. बॅरियर प्रकारचे पाइपच घ्या, साध्या रबरातून आर-१३४ए हळूहळू झिरपून जातो.

पाइप कापताना सढळ मापानं कापा, इंजिन हलतं त्यासाठी थोडी ढील लागते. फिटिंगला पाइप नुसता खुपसून, गाडीवर जागच्या जागी जोडून बघा, कोन बरोबर झाला की पाइप आणि फिटिंग दोघांवर मार्करनं एक सलग रेघ ओढा, मग काढून क्रिंप करायला, म्हणजे मशीनवर दाबून पक्कं करायला, न्या. ती रेघ नसेल तर क्रिंप झाल्यावर दोन टोकांचे कोन जुळत नाहीत आणि पाइप पिळून बसवावा लागतो.

ओ-रिंग प्रत्येक जोडाला नवीन, थोडं मिनरल ऑइल लावून. एक पाना फिटिंग धरायला, दुसरा नट फिरवायला, एकाच पान्यानं जोर लावलात तर कॉइलची अॅल्युमिनियमची नळी पिळली जाते. पत्र्यातून जाताना ग्रोमेट, एक्झॉस्टजवळ असेल तर उष्णतेचं कव्हर.

११. वायरिंग

जुन्या गाडीच्या फ्यूजबॉक्समधून काही घेऊ नका. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मग ब्लोअर, पंखा आणि क्लच यांना प्रत्येकी वेगळा रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. इग्निशनच्या वायरनं फक्त रिले चालू करायचे. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा पत्रा काढा.

क्लचची लाइन एसीचा थर्मोस्टॅट (इंजिनचा नव्हे) आणि प्रेशर स्विचमधून जाते. थर्मोस्टॅट कॉइल शून्याच्या जवळ आली की क्लच सोडतो, नाहीतर कॉइलवर बर्फ जमतो आणि हवा बंद होते. प्रेशर स्विच तीन कामांचा घ्या, दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली गेला म्हणजे गॅस गळालाय, तेव्हा क्लच बंद, ४०० च्या आसपास गेला तर पाइप फुटू नये म्हणून बंद, आणि मधे २५० च्या जवळ पंखा चालू. हा स्विच बायपास करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कॉम्प्रेसर जळण्यापासून तोच वाचवतो.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर क्लच लागताच आयडल, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची गती, खाली जातं, छोटी इंजिनं बंदच पडतात. क्लचच्याच वायरवर चालणारा आयडल वाढवणारा सोलेनॉइड लावा. नुसता आयडल स्क्रू वाढवून ठेवला तर एसी बंद असताना इंजिन भणभणत राहतं.

१२. लीक टेस्ट, व्हॅक्यूम, गॅस

हा टप्पा एसीवाल्याकडेच करा, बऱ्याच देशांत गॅस हवेत सोडणं किंवा परवान्याशिवाय हाताळणं बेकायदा आहे, आणि द्रव गॅस डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. पण तुम्ही समोर उभे राहा आणि पुढच्या गोष्टी होतायत का बघा.

लीक टेस्ट कोरड्या नायट्रोजननं, रेग्युलेटर लावून, जोडांवर साबणाचा फेस. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या हवेनं नाही, त्यात ओल असते आणि आर-१३४ए दाबाखाली हवेत मिसळला तर पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर चुकूनही नाही, तेलाबरोबर स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम, निदान पाऊण ते एक तास. लोक समजतात व्हॅक्यूम फक्त हवा काढायला असतं, पण खरं काम ओल काढायचं आहे. ३० अंशांना पाणी उकळायला आतला दाब सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत खाली यावा लागतो, बाहेर तो ७६० असतो. दहा मिनिटं पंप फिरवून गॅस भरणारे भेटतात, राहिलेली ओल मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन अडकते आणि गॅस-तेलाबरोबर मिळून आम्लही बनवते. पंप बंद करून अर्धा तास काटा हलत नाही ना ते बघा.

गॅस वजनावर भरायचा, किटच्या पानावर जेवढे ग्रॅम आहेत तेवढाच. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे बघून भरायची सवय आर-१२ च्या काळातली, आर-१३४ए मध्ये थोडे बुडबुडे असताना सुद्धा गॅस बरोबर असू शकतो, बुडबुडे जाईपर्यंत भरलात तर जास्त होतो. आणि बंद गाडीवर गेज लावून प्रेशर आहे म्हणजे गॅस आहे असंही धरू नका, ३० अंशांना आत थोडंसं द्रव असलं तरी काटा ९७ पीएसआयच्या आसपासच दाखवणार, २०० ग्रॅम असो की ८००. गळती बंद करणारं केमिकल आत घालू देऊ नका, ते व्हॉल्व्ह चोंदवतं.

१३. पहिल्यांदा चालू करताना

चालू करायच्या आधी, इंजिन बंद असताना, क्लचचा पुढचा भाग हातानं दहा-पंधरा वेळा फिरवा. सिलिंडरमध्ये साठलेलं तेल किंवा द्रव पुढे सरकतं. हे न करता थेट क्लच लावला तर द्रव दाबलं जात नाही आणि कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा पहिल्या सेकंदाला तुटू शकतात.

मग इंजिन १५०० फेऱ्यांवर, ब्लोअर फुल, आतलीच हवा फिरवायचा मोड. बाहेर ३० ते ३५ अंश असेल तर लो साइड (कॉइलकडचा कमी दाब) साधारण ३० ते ४० पीएसआय, हाय साइड (कंडेन्सरकडचा जास्त दाब) २०० ते २५०, आणि मधल्या जाळीतून येणारी हवा ६ ते १० अंशांच्या घरात. दमट हवेत थोडं जास्त. थर्मामीटर जाळीत खोचूनच बघा, हाताचा अंदाज फसवतो.

१४. नीट चालत नसेल तर

चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत कोमट, तर कंडेन्सरला हवा पुरत नाही. उभ्या गाडीसमोर मोठा टेबल फॅन लावून बघा, हाय साइड खाली आली तर पंखा किंवा श्राउडचं काम आहे, गॅसला हात लावू नका. पहिली वीस मिनिटं छान आणि मग हवा कमी कमी होत जाते, तर कॉइलवर बर्फ, थर्मोस्टॅटचा सेन्सर नीट खोचलाय का बघा. दोन्ही गेज कमी म्हणजे बहुतेक गॅस कमी, म्हणजे लीक आहे, आधी ते शोधा. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त किंवा हवा शिरलेली किंवा पंखा बंद. लो साइड वर आणि हाय साइड खाली असेल तर कॉम्प्रेसर दाबच देत नाहीये.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट परत आवळा आणि बेल्ट परत ताणा, नवा बेल्ट सैल पडतोच. नंतर थंडीच्या दिवसातसुद्धा महिन्यातून एकदा, हवा फार गार नसेल अशा दुपारी, दहा मिनिटं एसी चालू करत जा, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलात ओलं राहतं. माझ्या ओळखीतल्या दोन गाड्यांचा गॅस नुसत्या उभ्या राहून त्या सीलमधून गेला, बाकी सगळं काम एकदम पक्कं होतं.